‘पासमलर’चा शेवट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच चित्रपटाविषयी आहेत, म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच दिली आहे. चित्रपट म्हणजे ए. भीमसिंग यांनी दिग्दर्शित केलेला, २७ मे १९६१ रोजी प्रदर्शित झालेला तमिळ ‘पासमलर’. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. राजशेखर (शिवाजी गणेशन) आणि राधा (सावित्री) ही आईवडिलांविना वाढलेली भावंडे. भाऊ कारखान्यात कामगार असतो आणि बहीण घरी खेळणी करून विकते. कारखाना बंद पडतो, तेव्हा बहिणीने साठवलेल्या पैशांवर भाऊ स्वतःचा धंदा उभा करतो आणि पाहता पाहता मालक होतो. त्याचा जुना सहकारी आनंद (जेमिनी गणेशन) त्याच्याच हाताखाली कामाला लागतो, कामगारांच्या मागण्या घेऊन त्याच्यासमोर उभा राहतो आणि राधाच्या प्रेमात पडतो. आधी विरोध करणारा भाऊ पुढे लग्नाला संमती देतो. लग्नानंतर आनंदच्या आत्याच्या लावालावीमुळे घर फुटते आणि भावंडे दुरावतात. बऱ्याच काळाने, दिवाळीच्या दिवशी, हाती काही न उरता परतलेल्या भावाचे डोळे फटाक्यांच्या आगीतून एका मुलीला वाचवताना जातात. ती मुलगी राधाचीच असते. भावंडांची भेट होते आणि एकमेकांचे हात हातात असतानाच दोघेही प्राण सोडतात.

प्रश्न : माझी सून तमिळ घरातली आहे. तिच्या आग्रहावरून आम्ही दोघींनी घरी बसून ‘पासमलर’ पाहिला. शेवटी ती रडत होती आणि मी चिडले होते. गैरसमज मिटले, भावाबहिणीची भेट झाली, मग दोघांनाही मारण्याची काय गरज होती? शिवाय सुरुवातीला कारखाना, मालक, कामगार, गरीब मुलाचे मालकाच्या बहिणीवरचे प्रेम असे सगळे मांडले आणि शेवटाकडे जाताना त्याचा विसरच पडला. प्रश्न अर्धवट सोडून अश्रूंचा आधार घेतला, असे म्हणावे का?

उत्तर : तुमच्या चिडण्यातले निम्मे मला मान्य आहे आणि त्याविषयी पुढे लिहितेच. पण कारखान्याचा विसर पडला, हे मला पटत नाही. माझ्या मते कारखान्यातला प्रश्न लग्नाच्या दिवशी घरात शिरतो आणि घरात तो नात्यांची नावे घेऊन वावरतो, म्हणून तो आपल्याला ओळखू येत नाही.

तमिळ घरात बहिणीच्या नवऱ्याला ‘माप्पिळ्ळै’ म्हणतात. जावयालाही हाच शब्द आणि नवरदेवालाही हाच. मुलीकडच्यांनी त्याचा मान राखायचा, त्याच्यासमोर आवाज खाली ठेवायचा, सणावाराला त्याच्यासाठी हात सैल सोडायचा, हे तिथे आपल्यासारखेच, किंबहुना काकणभर जास्तच आहे. आता आनंदची अवस्था पाहा. कारखान्यात तो राजशेखरचा नोकर आहे आणि घरात राजशेखरचा माप्पिळ्ळै. एका दारात त्याने मान लववायची आणि दुसऱ्या दारात समोरच्याने त्याच्यापुढे मान लववायची, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे. त्यातच लग्नानंतर तो आपल्या माणसांसह मेहुण्याच्याच घरात राहायला येतो. अशा जावयाला तमिळमध्ये ‘वीट्टोडु माप्पिळ्ळै’ म्हणतात, आपल्याकडे घरजावई म्हणतात, आणि दोन्ही भाषांत तो शब्द उच्चारताना आवाजात थोडी कीव येते. मालक आणि कामगार यांच्यातले अंतर प्रेमाने ओलांडता आले, पण जेवणाच्या पंगतीत ते पुन्हा पसरले. आत्या नुसती ठिणगी टाकते. वाळलेले गवत आधीपासून तिथे होतेच.

म्हणूनच मला कामगारांच्या मागण्यांचा प्रसंग आणि लग्नानंतरची घरातली धुसफूस हे एकाच भांडणाचे दोन भाग वाटतात. कारखान्यात आनंद जे मागत होता ते दहा जणांच्या वतीने मागत होता, त्यामुळे त्यात ताठपणा होता. घरात तोच माणूस काही बोलला, तर ते बायकोच्या माहेरच्या मिळकतीवर डोळा ठेवणे ठरते. हक्काने मागण्याची भाषाच त्याच्यापाशी उरत नाही. राजशेखरचीही हीच गत होते. नोकराला तो ‘नाही’ म्हणू शकत होता, पण माप्पिळ्ळैला त्याने ‘नाही’ म्हटले तर शिक्षा बहिणीला होणार असते.

आता शेवटाकडे वळू. तुमच्या सुनेला विचारा, तिला ‘मलर्न्दुम मलराद’ हे गाणे शेवटच्या प्रसंगाआधीच रडवून गेले असेल. कण्णदासन यांचे शब्द, विश्वनाथन आणि राममूर्ती यांचे संगीत, टी. एम. सौंदरराजन आणि पी. सुशीला यांचे आवाज. ही अंगाई आहे आणि ती दुरावलेली भावंडे आपापल्या बाळाजवळ गातात. भाऊ आपल्या मुलाला म्हणतो की, हत्तींच्या सैन्यानिशी जिंकण्यासाठी आणि आत्येच्या मुलीचे पाणिग्रहण करण्यासाठी तू जन्माला आला आहेस. आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी करतात, आत्येची सहसा करत नाहीत, पण तमिळ प्रदेशात दोन्ही चालते. म्हणजे आज ज्या बहिणीच्या घरी जाता येत नाही, तिचीच लेक उद्या सून म्हणून आणायची, असे हा बाप पाळण्याशी बसून ठरवतो आहे. आणि बहीण आपल्या मुलीला सांगते की, तुझा मामा सोन्याचे घड्याळ आणि हिऱ्यांचा हार देऊन लग्नाची बोलणी करील, बहिणीच्या लेकीसाठी तो जगाचीसुद्धा किंमत विचारील.

सोन्याचे घड्याळ आणि हिऱ्यांचा हार. माया किती हे सांगायला राधाला याच वस्तू सुचतात, कारण तिच्या समाजात मामाची माया याच मापाने मोजली जाते. या गोष्टीत सुरुवातीपासून प्रत्येक नाते देण्याघेण्यातून जाते. आधी बहीण पैसे देते, मग भाऊ जुन्या सहकाऱ्याला नोकरी देतो, लग्नाला होकार देतो, राहायला घर देतो. प्रत्येक देणे मायेचेच असते, तरी प्रत्येकामुळे कोणी तरी वर जातो आणि कोणी तरी खाली येतो. शेवटी परतलेल्या भावाजवळ देण्यासारखे काहीच उरलेले नाही, घड्याळ नाही की हार नाही. अशा माणसासमोर एक मूल आगीत सापडते आणि तो डोळे देऊन बसतो. हे आपल्या बहिणीचे मूल आहे याची त्याला कल्पनाही नसते. अंगाईत जे देणे मामाच्या नावावर मांडले होते ते त्याने न कळत चुकते केले, आणि या देण्यात आनंदला कमीपणा आणण्याची ताकद नाही, कारण हे मालकाने दिलेले नाही. सगळ्या चित्रपटात वर्गाचे अंतर मिटलेले असे हे एकच ठिकाण मला दिसते.

मग मृत्यू कशासाठी? माझे उत्तर असे, की ही दोघे जगली असती तर दुसऱ्या दिवशी कोणी कोणाच्या घरी राहायचे, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. आंधळा आणि निर्धन भाऊ बहिणीच्या आश्रयाला आला असता, म्हणजे पुन्हा एक वर आणि एक खाली, फक्त जागांची अदलाबदल झालेली. ही भावंडे एका पातळीवर राहू शकतील असे त्यांचे एकच घर होते, ते म्हणजे खेळणी करून विकण्याच्या दिवसांतले. तिथे परत जाण्याचा रस्ता जिवंत माणसांना मोकळा नव्हता. ‘पासम’ म्हणजे माया, स्नेह, हे तमिळ माणूस सहज सांगतो, पण शब्द मुळात संस्कृत ‘पाश’ आहे. ‘मलर’ म्हणजे फूल. नाव ऐकताना मायेचे फूल कानावर पडते आणि शेवट पाहताना पाश दिसतो.

आता तुमचे जे निम्मे मला मान्य आहे त्याविषयी लिहिते. आत्येला खलनायिका केल्यामुळे आनंद फार स्वस्तात सुटतो. ज्याने मालकासमोर ताठ उभे राहून कामगारांची बाजू मांडली, तो माणूस आपल्या घरात चाललेला अन्याय ओळखू शकत नाही, हे मला विसंगत वाटते. बायको आणि मेहुणा यांचे कलेवर समोर असताना त्याला स्वतःविषयी काही वाटले का, हे जाणून घेण्याचा आपला हक्क होता, आणि कॅमेरा त्याच्याकडे पुरेसा थांबत नाही. कारखान्यातल्या इतर कामगारांचे तर नावही पुढे निघत नाही. प्रश्न घरात आणला, तो उत्तम आणला, पण घरात आणल्यावर तो फक्त दोघांचा ठरला आणि उरलेल्यांचा सुटला. तुमच्या चिडण्याचे मूळ इथे असेल, तर मी तुमच्या बाजूला बसते.

प्रश्न : याच कथेवर हिंदीत अशोक कुमार आणि वहिदा रहमान यांचा ‘राखी’ निघाला होता, तो मी शाळकरी वयात पाहिला. तमिळमध्ये राखी बांधण्याचा प्रसंग नाही असे कळले, तेव्हा आश्चर्य वाटले. मग तिथे भावाबहिणीचे नाते दाखवतात तरी कशाने, आणि शेवटाला दिवाळीच का?

उत्तर : ‘राखी’ १९६२ चा आणि तोही भीमसिंग यांनीच केला. त्यासाठी अशोक कुमार यांना उत्कृष्ट अभिनेत्याचे आणि मूळ कथाकार के. पी. कोट्टारक्करा यांना उत्कृष्ट कथेचे फिल्मफेअर मिळाले. तेलुगूत त्याच वर्षी एन. टी. रामाराव आणि सावित्री यांना घेऊन ‘रक्तसंबंधम’ झाला. भीमसिंग यांची कौटुंबिक नाट्ये हिंदी प्रेक्षकाला अनेकदा न सांगता भेटलेली आहेत. त्यांच्या १९५९ च्या ‘भागप्पिरिविनै’चा हिंदी अवतार म्हणजे सुनील दत्त आणि नूतन यांचा ‘खानदान’.

हिंदीकरांना नाव बदलावे लागले, यात सगळे आले. उत्तरेत भावाबहिणीचे नाते सांगायला एक धागा पुरतो. तमिळ प्रदेशात ते बहिणीच्या लग्नानंतर खरे बोलू लागते, आणि ते ‘सीर’ या शब्दात सामावलेले आहे. सीर म्हणजे माहेरहून मुलीला जाणारा मानाचा आहेर. पोंगलला भाऊ विवाहित बहिणीकडे सीर पाठवतो. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी, कणूला, बायका हळदीच्या पानांवर रंगीत भाताच्या मुदी ठेवून पक्ष्यांना खाऊ घालतात आणि भावांचे कुशल मागतात. बहिणीच्या मुलाचे कान टोचायचे असतील तर ते मामाच्या मांडीवर बसवून. मुलीच्या लग्नात मामाच्या हातून व्हावयाचे विधी निराळेच. तिथे ‘ताय्‌मामन’, म्हणजे आईचा भाऊ, हे नुसते नाते नसून अधिकाराचे आणि कर्तव्याचे पद आहे. म्हणून ‘पासमलर’मध्ये भावाचे प्रेम राधाच्या मनगटावर कुठे दिसत नाही, ते तिच्या मुलीच्या वाट्याला येते.

दिवाळीचेही तसेच आहे. तमिळ दीपावली मुख्यतः एकाच दिवसाची असते, नरक चतुर्दशीची. पहाटेचे अभ्यंगस्नान, नवे कपडे आणि फटाके. लग्नानंतरच्या पहिल्या दीपावलीला ‘तलै दीपावळी’ म्हणतात आणि त्या दिवशी जावयासह मुलीने माहेरी यायचे असते. आईवडील नसलेल्या राधाचे माहेर म्हणजे एकटा भाऊ. वर्षातल्या ज्या दिवशी माहेराची वाट पाहायची, नेमक्या त्या दिवशी माहेर परक्यासारखे रस्त्यावर उभे आहे. मराठी प्रेक्षक हा शेवट भाऊबीज म्हणून पाहतो आणि तेही चुकीचे नाही, कारण ओवाळणीत काय घालावे हा प्रश्न तिथेही आहेच. मात्र तमिळ प्रेक्षकाच्या मनात त्या क्षणी ओवाळणीऐवजी तलै दीपावळीची आठवण असते, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

प्रश्न : मी पंचविशीतला आहे. राधा आनंदला सांगते की, भावाची इच्छा माझ्या प्रेमापेक्षा मोठी आहे, आणि ते आडून ऐकून भाऊ विरघळतो व लग्नाला होकार देतो. मला हे प्रेमाचे नव्हे, आज्ञाधारकपणाचे बक्षीस वाटले. अशा चित्रपटाला वर्गभेद ओलांडणाऱ्या प्रेमाची कथा म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : तुमचा आक्षेप मोलाचा आहे आणि १९६१ चा काळ होता एवढे म्हणून मी तो बाजूला सारणार नाही. राधाने प्रेमाचा हट्ट धरला असता तर भावाने होकार दिला असता का, याचे उत्तर चित्रपट देत नाही. तिने हक्क सोडला तेव्हाच तो तिला मिळाला.

तरीही त्या प्रसंगात एक बारीक गोष्ट आहे आणि तिच्यामुळे माझे मत थोडे मऊ झाले. राजशेखरचा राग कसला असतो ते पाहा. ज्या सहकाऱ्याला आपण जवळ केले, त्याने कारखान्यात आपल्याला विरोध केला आणि आता तो बहिणीच्या वाटेने घरात शिरू पाहतो, असा त्याचा संशय आहे. हा नव्याने श्रीमंत झालेल्या माणसाचा संशय आहे. पिढीजात धनिकाला गरिबाची भीती वाटत नाही, त्याला फक्त तुच्छता वाटते. जो कालपर्यंत त्याच रांगेत उभा होता, त्याला मात्र रांगेतल्या प्रत्येकाच्या मनात काय चालते ते ठाऊक असते. राधाचे बोलणे ऐकून त्याला एकच कळते, की निदान एक माणूस तरी आपल्या पैशांकडे पाहत नाही, आणि त्यावर तो होकार देतो. हा होकार बहिणीवरच्या विश्वासाचा आहे. आनंदवरचा विश्वास त्यात कुठेच नाही आणि पुढचे सगळे अनर्थ त्या एका जागेतून निघतात. दोन पुरुषांमधला हिशेब तसाच उघडा ठेवून त्यावर मांडव घातला गेला. एल. आर. ईश्वरी यांनी गायलेले ‘वारायेन तोळी’ हे लग्नाचे गाणे आजही तमिळ विवाहांत वाजते, इतके ते आनंदाचे आहे. तो मांडव कशावर उभा आहे हे ठाऊक असताना ते ऐकले, की माझा जीव कासावीस होतो.

तेव्हा ही प्रेमाने वर्ग ओलांडल्याची कथा नाही, हे तुमचे म्हणणे खरे. ओलांडल्याचे समजून सगळे निश्चिंत झाले त्यानंतरची ही कथा आहे, आणि अशा कथा आपल्याकडच्या पडद्यावर फार थोड्या आल्या, म्हणून मला ती जपून ठेवावीशी वाटते. एक गोष्ट तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. पडद्यावर पतिपत्नी झालेले जेमिनी गणेशन आणि सावित्री प्रत्यक्षातही पतिपत्नी होते. ज्या शिवाजींची ती बहीण झाली, त्यांच्याबरोबर तिने पुढे १९६५ च्या ‘तिरुविळैयाडल’मध्ये शंकरासमोर पार्वती उभी केली, तरीही तमिळ बोलण्यात भावाबहिणीच्या गाढ प्रेमाला आजसुद्धा ‘पासमलर’ हाच शब्द येतो.

प्रश्न : मला तमिळ येत नाही. अगदी शेवटी भाऊ बहिणीला हात हलवायला सांगत काहीतरी म्हणतो. त्या ओळी कोणत्या? मजकुराच्या पट्टीत नीट कळले नाही.

उत्तर : ते कोणा कवीचे काव्य नाही, प्रत्येक तमिळ घरात म्हटले जाणारे बडबडगीत आहे : ‘कै वीसम्मा कै वीसु, कडैक्कु पोगलाम कै वीसु’. ‘कै’ म्हणजे हात आणि ‘कडै’ म्हणजे दुकान. नुकते बसायला लागलेले मूल समोर घेऊन, त्याचे दोन्ही हात धरून मागेपुढे झुलवत म्हणायचे : हात हलव गं बाळे, हात हलव, आपण दुकानात जाऊ, हात हलव, खाऊ घेऊ, हात हलव. ‘अम्मा’ हे आईला म्हणतात तसे लहान मुलीलाही लाडाने म्हणतात, आपण लेकीला ‘माझे आई’ म्हणतो तसे.

आईवडिलांविना वाढलेल्या घरात लहान राधाचे हात धरून हे कोणी म्हटले असेल, हे वेगळे सांगायला नको. शेवटच्या प्रसंगात भावाला दिसत नाही, म्हणून तो बहिणीचे हात चाचपून धरतो आणि हेच म्हणू लागतो. गाण्यातल्या मुलीने दुकानात जायचे आहे आणि पैसे कोणाजवळ आहेत हे त्यात कुठेही सांगितलेले नाही. पुढच्या वेळी मजकुराची पट्टी बंद ठेवा आणि फक्त त्या दोन जोडी हातांकडे पाहा.